सोलापूरचा डाव

“आता द्या शह,” शिवशरण म्हणाला. “कुठनं देता, बघू.”

चन्नबसप्पांनी वजिरावर बोट ठेवलं, उचललं, पुन्हा ठेवलं. उमरग्याच्या जुन्या बाजारातलं त्यांचं दुकान म्हणजे एक खोल, अंधारी खोली होती. वर आढ्याला कासरे, दावी आणि म्होरक्या लोंबत असत, भिंतीला घुंगरमाळा आणि रंगीत गोंडे. त्या सगळ्यातून वाट काढत आत गेलं की लाकडी फळीवर बुद्धिबळाचा पट मांडलेला असायचा. आज पटाभोवती चौघे जण होते. हे दोघं, शेजारच्या बियाणांच्या दुकानातला व्यंकट, आणि बैलाला म्होरकी घ्यायला आलेला एक शेतकरी. त्याची खरेदी कधीच झाली होती, पण इथं काहीतरी चाललंय असं बघून तो थांबला होता.

“उजवीकडनं दिला तर?”

“राजा इथं येतो.”

“आन् घोड्यानं?”

“घोडा पोचतच न्हाय, अप्पा. राजा पाक पटाच्या मधी आलाय. शह संपले तुमचे. आन् हत्ती तर आधीच घालवून बसलाय तुमी.”

मे महिना होता. पंखा फिरत होता, पण वारा नुसता गरम. चन्नबसप्पांनी टोपी काढून कपाळ पुसलं. ते बराच वेळ पटाकडे बघत राहिले.

हा डाव उमरग्यात सगळ्यांना माहीत होता. दुकानात पाऊलभर आत आलेल्या माणसानं तो एकदा तरी ऐकलेला होता. पस्तीस-चाळीस वर्षांपूर्वी, गणपतीत, सोलापूरच्या एका मंडळानं बुद्धिबळाच्या स्पर्धा भरवल्या होत्या. माल आणायला गेलेले चन्नबसप्पा हौस म्हणून उतरले, आणि शेवटच्या फेरीत त्यांची गाठ पडली कॉलेजात शिकणाऱ्या पाटणकरशी. तो त्या साली विद्यापीठाकडून खेळून आलेला. घड्याळ लावून खेळायची चन्नबसप्पांची पहिलीच वेळ. पाटणकरनं त्यांना दाबत दाबत आणलं, आणि मग चन्नबसप्पांनी आपला हत्ती उचलून सरळ त्याच्या राजापुढच्या प्याद्यावर घातला. राजानं हत्ती मारला. वजिराचा शह बसला. राजा मागं कोपऱ्यात पळाला आणि तिथंच घोड्यानं त्याला कोंडलं. वीतभर उंचीचा पितळी कप मिळाला. तो कप बसवेश्वरांच्या तसबिरीशेजारी ठेवलेला होता, आणि दर सोमवारी तसबिरीबरोबर त्यालाही फडकं फिरायचं.

चन्नबसप्पा हा डाव सांगताना आवाज चढवत नसत. फक्त हत्ती घालायची जागा आली की थांबायचे, समोरच्याकडे बघायचे, आणि म्हणायचे, “आता तुमी सांगा. तुमी काय केलं असतं?”

आता शिवशरण सांगत होता की राजानं मागं पळायलाच नको होतं. पुढं यायचं. शह खात खात पटाच्या मध्यावर यायचं, की डाव पाटणकरचा.

“शहच दिला न्हाय तर?” चन्नबसप्पा एकदम म्हणाले. त्यांनी उंट धरला आणि तिरका मागं, अगदी आपल्या बाजूच्या ओळीपर्यंत ओढून नेला. “ह्यो असा मागं घेतला तर? राजाची परत जायाची वाट बंद हुती की.”

शिवशरण हसला. “अप्पा, एक हत्ती कमी असताना उंट मागं घ्यायचा? माझ्या लॅपटॉपातल्या मशीननं बघितलंच असंल की ते. एका सेकंदाला लाखानं चाली बघतं. दोन प्यादी आन् वर जवळपास एक मोहरं, एवढं पाटणकरच्या बाजूनं दाखवतंय.”

“मशीन म्हनतं?”

“मशीन म्हणतं.”

व्यंकटनं तंबाखू चोळता चोळता मान हलवली. “म्हंजी अप्पा, इतकी वर्षं आमाला टोपीच घातली की तुमी.”

शेतकरी हसला. चन्नबसप्पाही थोडं हसले. “हौद, हौद,” ते कन्नडमध्ये होकार भरत म्हणाले. “नशीब हुतं म्हनायचं.” मग त्यांनी सोंगट्या गोळा करून डब्यात टाकल्या आणि त्या शेतकऱ्याला विचारलं, “तुमचं काय राह्यलं का आनखी?”

त्या दिवशी घरी जाताना शिवशरणला बरं वाटत होतं. आपल्याला बरं का वाटतंय, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही.

शिवशरण एसटीत वाहतूक नियंत्रक होता. तीस वर्षं त्यानं उमरग्याच्या स्टँडवर खिडकीमागं बसून गाड्या लावल्या होत्या, गाड्या सोडल्या होत्या, माईकवरून सोलापूर, लातूर, हैदराबाद पुकारलं होतं. गावात त्याला नावानं हाक मारणारे थोडे, कंट्रोलर म्हणणारेच फार. दुपारची गर्दी ओसरली की तो चालत जुन्या बाजारात यायचा. चन्नबसप्पा त्याच्याहून बारा-चौदा वर्षांनी मोठे, पण पटावर बसलं की वयाचा प्रश्न नसे. पटावर अप्पाच जास्त वेळा जिंकायचे. त्याचंही त्याला कधी काही वाटलं नव्हतं, किंवा वाटलं नव्हतं असं तो समजत होता. आयुष्यात त्यानं कुठला कप जिंकला नव्हता. कुठल्या स्पर्धेत नावच दिलं नव्हतं. हरलो तर, ही भीती.

तो निवृत्त झाला तेव्हा मुलगी शिवरंजनी पुण्यात नोकरीला लागून तीन वर्षं झाली होती. तिनं आपला जुना लॅपटॉप त्याला दिला. “पप्पा, ह्यात बुद्धिबळाचं इंजिन टाकून दिलंय,” ती म्हणाली. “जगातल्या कुठल्याही माणसाला हरवतं. फुकट आहे.” इंजिन म्हटल्यावर शिवशरणच्या डोळ्यापुढं गाडीचं इंजिन आलं होतं. पण हे वेगळंच होतं. पटावर मोहरी मांडायची, बटण दाबायचं, की बाजूला आकडे पळायला लागत. पांढरा जिंकतोय का काळा, आणि किती, हे दशांशात दिसायचं. पटाच्या खाली चालींची एक ओळ, सतत बदलणारी.

पहिल्या उन्हाळ्यात लॅपटॉपचा पंखा जोरात ओरडायला लागला. यंत्र जळून जाईल अशी शिवशरणला धास्ती बसली. बॅटरीच्या चिन्हावर क्लिक केल्यावर बॅटरी वाचवायचा एक पर्याय दिसला, तो त्यानं चालू केला. पंखा शांत झाला. शिवरंजनीनं फोनवर दोनदा सांगितलं होतं, “पप्पा, ते बंद ठेवा, इंजिन चालवताना फुल परफॉर्मन्सवर ठेवा.” त्याला तो शब्द सिनेमाच्या जाहिरातीसारखा वाटला. यंत्र शांत चालतंय, चाली सांगतंय, आणखी काय पाहिजे?

त्याच शांत यंत्रावर त्यानं एका सकाळी अप्पांचा सोलापूरचा डाव मांडला. ऐकून ऐकून सगळी मोहरी पाठ होती. चहा होईपर्यंत त्यानं यंत्राला विचार करू दिला. आकडा पाटणकरच्या बाजूनं झुकला आणि तिथंच थांबला. चहाचा कप हातात घेऊन शिवशरण तो आकडा बघत राहिला, आणि दुपार व्हायची वाट बघत राहिला.

त्यानंतर चन्नबसप्पांनी तो डाव कुणाला सांगितला नाही. कुणी विचारलंच तर “जुनं झालं ते” म्हणायचे. खेळायला मात्र बसत. पण एक नवी सवय लागली. मोहरं उचलायच्या आधी ते शिवशरणकडे बघायचे.

“हितं मशीन काय म्हनंल, कंट्रोलर?”

शिवशरणला आधी वाटलं, थट्टा करतायत. मग कळलं की थट्टा नाही. तरीही तो उत्तर द्यायचा. “घोडा काढंल ते.” अप्पा घोडा काढायचे.

असं खेळण्यात दोघांनाही गोडी राहिली नाही. शिवशरणला आता अप्पांची प्रत्येक चाल चुकीची दिसायला लागली, आणि स्वतःचीही. घरी जाऊन तो दिवसभराचा डाव यंत्रात घालायचा, तेव्हा आकडा वरखाली असा उड्या मारायचा की दोन म्हातारी माणसं आंधळ्यासारखी पटावर चाचपडतायत असं त्याला वाटायचं. मग तो दिवसाआड जायला लागला. मग आठवड्यातून एकदा. पावसाळ्यात पाऊस होता, उन्हाळ्यात ऊन होतं.

“बाजारात न्हाय गेलात?” बायको, शिवकांता, विचारायची.

“काय आहे तिथं.”

“अप्पा हायती की.”

तो लॅपटॉप गादीवर ठेवून, मांडी घालून, आकडे पळताना बघत बसायचा.

श्रावणात एक दिवस व्यंकटच्या पोराकडून कळलं की चन्नबसप्पा दुकानात पडले. सोलापूरला नेलं होतं. उजवी बाजू गेली होती. बायको केव्हाच वारलेली, मुलगा नव्हता, म्हणून मुलीनं, सिद्धम्मानं, त्यांना आपल्याकडे सास्तूरला नेलं. शिवशरण दवाखान्यात जाणार होता. मग घरी आले की जाऊ म्हणाला. मग जरा बोलायला लागू देत म्हणाला. सास्तूर काही लांब नाही. त्यानंच हजार वेळा ती गाडी सोडली होती. पण जाऊन काय बोलायचं, हे त्याला सुचत नव्हतं, आणि जितके दिवस जात होते तितकं ते आणखी अवघड होत होतं. एकदा जुन्या बाजारातून जाताना त्यानं पाहिलं, तर अप्पांच्या दुकानात मोबाईलची कव्हरं लटकत होती. तो पुढच्या वेळेपासून दुसऱ्या गल्लीनं जायला लागला.

असं सव्वा वर्ष गेलं.

दिवाळीला शिवरंजनी आली. भाऊबीज उरकून सगळे सकाळी निवांत बसले होते, तेव्हा तिनं गादीवरचा लॅपटॉप उचलला आणि खाली तळहात लावला.

“पप्पा, हा गादीवर ठेवता तुम्ही? खालची जाळी सगळी बंद होते. तापून मरंल ना हा.”

“तापत न्हाय तो. पंखा बी वाजत न्हाय.”

“तेच तर म्हणते, का वाजत नाही?” ती बोलता बोलता आत काहीतरी उघडत होती. थोड्या वेळानं ती हसायला लागली. “पप्पा, मी सांगूनही हे बॅटरी वाचवायवरच आहे. सारखंच ठेवलंय का असं?”

“पहिल्यापासनं.”

“आणि इंजिनला एकच थ्रेड. मेमरी सोळा एमबी. म्हणजे मी टाकून दिलं तसंच आहे, काही बदललंच नाही तुम्ही.” तिनं लॅपटॉप त्याच्याकडे वळवला. “हे बघा. ह्या प्रोसेसरला चार कोअर आहेत. म्हणजे चार गडी धरा. त्यातला एकच कामाला लावलाय, आणि त्यालाही सांगितलंय, सावकाश चाल, दमू नको. आणि ही मेमरी एवढी बारीक ठेवली की आधी बघितलेल्या चाली ते विसरून जातं आणि परत त्याच बघत बसतं.”

“इथं तर आठ दाखवतंय,” शिवशरण म्हणाला.

“दाखवतंय आठ, पण गडी चारच. एकेकाला दोन-दोन कामं सांगितल्यासारखं आहे ते. आपण चारवर ठेवू.” तिनं आकडे बदलले, मेमरी वाढवली, बॅटरीचं चिन्ह दाबून ते बंद केलं, चार्जर लावला. मग देवघरातले दोन पाट आणून लॅपटॉप त्यांच्यावर असा ठेवला की मधून वारा खेळेल. पंखा सुरू झाला. सकाळच्या शांततेत तो आवाज मोठा वाटला. पडद्याच्या कोपऱ्यात दर सेकंदाला तीन लाख चाली दिसायच्या, तिथं आता तीस लाख दिसत होत्या.

“एवढा फरक पडतो?” त्यानं विचारलं.

“वेगात पडतो.”

“म्हंजी आधी चुकीचं सांगत होतं?”

शिवरंजनीनं टॉवेल खांद्यावर टाकला. “चुकीचं असं नाही. जेवढं लांबचं दिसलं तेवढं सांगत होतं. साध्या डावात काही फरक नाही पडणार. पण एखादी अवघड जागा असली, खूप पुढचं बघायला लागणारी, तर अडकत असंल. तुम्ही त्याला वेळ किती देता?”

“चहा होईपर्यंत.”

ती हसली आणि आंघोळीला गेली.

शिवशरणनं पट रिकामा केला. पुटपुटत एकेक मोहरं मांडत गेला. हत्ती प्याद्यावर, राजानं मारला, वजिराचा शह, राजा पुढं. मग त्यानं बटण दाबलं.

सुरुवातीला तेच. आकडा पाटणकरच्या बाजूनं. त्याला हायसं वाटलं. आत बादलीचा आवाज येत होता, शिवकांता कुणाशी तरी फोनवर फराळाचं बोलत होती. पंखा वाजत होता. चालींची ओळ लांबत गेली, बदलली, पुन्हा लांबली. बराच वेळ आकडा जागचा हलला नाही. मग तो कमी झाला. मग शून्य. शिवशरणनं चष्मा काढून पुसला आणि पुन्हा घातला. आकडा आता पांढऱ्याच्या, म्हणजे अप्पांच्या बाजूला सरकत होता, आधी थोडा, मग भराभर, उतारावर ब्रेक सुटल्यावर गाडी वेग धरते तसा. ओळीतली पहिली चाल शह नव्हती. उंट मागं, अगदी आपल्या ओळीपर्यंत.

तो बसून राहिला. त्यानं यंत्र थांबवलं नाही. आकडा वाढतच गेला.

शिवरंजनी केस पुसत बाहेर आली. “काय झालं पप्पा?”

“काय न्हाय,” तो म्हणाला. “उंट मागं घेतला त्यानं.”

तिला काही कळलं नाही. “बरं मग?” म्हणून ती आत गेली.

दुसऱ्या दिवशी तो सकाळच्या गाडीनं सास्तूरला गेला. पिशवीत लॅपटॉप होता. खिडकीमागच्या नव्या कंट्रोलरनं त्याला ओळखून हात केला. गाडीत बसल्यावर तो मनात वाक्यं जुळवत होता. अप्पा, तुमचा डाव खरा होता. अप्पा, माझं चुकलं. यातलं कुठलं आधी म्हणायचं ते गाव आलं तरी ठरलं नव्हतं.

सास्तूरचे रस्ते रुंद आणि सरळ. भूकंपानंतर गाव नव्यानं वसवलं तेव्हापासून घरं एकाच मापाची, रांगेत. सिद्धम्माचं घर विचारत विचारत सापडलं. दाराशी ज्वारीची पोती लागलेली होती. सिद्धम्मानं त्याला बघितलं आणि पदर खोचत म्हणाली, “या, या. बाबा, कोन आलंय बघा तर.”

चन्नबसप्पा पडवीतल्या खाटेवर भिंतीला टेकून बसले होते. अंगानं निम्मे झालेले. उजवा हात मांडीवर उलटा पडलेला, जणू कुणीतरी तिथं ठेवून विसरून गेलंय. तोंड एका बाजूला किंचित ओढलेलं. पण डोळे तेच.

“कंट्रोलर,” ते म्हणाले. शब्द जड येत होते, पण समजत होते. “गाडी येळंवर आली म्हनायची.”

“उशीर झाला अप्पा.”

“झाला खरा.”

सिद्धम्मानं पाणी दिलं, फराळाची ताटली ठेवली. शिवशरणनं थोडा वेळ पायाचं विचारलं, औषधाचं विचारलं, यंदाच्या तुरीचं विचारलं. मग सरळ सांगून टाकलं. यंत्र पुऱ्या ताकदीवर नव्हतंच. मीच ठेवलं होतं, पंखा वाजतो म्हणून. पोरीनं काल नीट केलं. तुम्ही म्हणाला होतात ना, उंट मागं घेतला तर? तेच बरोबर होतं. पाटणकरचा राजा पुढं आला असता तरी डाव तुमचाच होता.

त्यानं पिशवीची चेन उघडायला घेतली. चन्नबसप्पांनी डावा हात जरा वर केला.

“ऱ्हाऊ द्या ते. म्या बघून काय करू?” मग हात खाली ठेवून, “म्हंजी बराबर हुतं.”

“बरोबर होतं.”

“मशीन तेच?”

“तेच.”

“आन् उद्या आनखी जोर लावला त्याला, तर परत फिरंल का?”

शिवशरणला खोटं सांगता आलं असतं. “फिरंल बी,” तो म्हणाला. “सांगता येत न्हाय.”

चन्नबसप्पांनी मान हलवली. आतून सिद्धम्मा म्हणाली, “काका, बाबांनी तो कप देऊन टाकला न्हाय का. तुमाला सांगितलं का न्हाय?”

“कुठला कप?”

“सोलापूरचा. पडायच्या दोनेक म्हैने आधी. एकलेच गेलते सोलापूरला, कुनाला न सांगता.”

शिवशरणनं अप्पांकडे बघितलं. ते अंगणाकडे बघत होते.

“पाटनकर पुढं मास्तर झाला, आता रिटायर झालाय,” ते सावकाश, एकेक शब्द जुळवत म्हणाले. “हुडकला त्याला. सात रस्त्याच्या तिकडं ऱ्हातो. म्हनलं, तुमचं हुतं हे, माझ्याकडं चुकून ऱ्हायलं.” ते हसले, आणि हसण्यानं तोंड आणखी एका बाजूला गेलं. “त्याला डाव आठवत बी नव्हता. मी कोन, ते बी न्हाय. पोहे खाऊ घातले बिचाऱ्यानं. कप घेतला ठेवून. म्हाताऱ्याला कशाला दुखवा म्हनला असंल.”

 समोर अंगणात एक शेळी भिंतीला अंग घासत होती. शिवशरणच्या डोळ्यापुढं सोलापूरच्या रस्त्यावर हातात पिशवी घेऊन पत्ता विचारत फिरणारे अप्पा येत होते. त्या दिवशी ते कुठल्या गाडीनं गेले असतील, बसायला जागा मिळाली असेल का, हेच त्याला सारखं वाटत राहिलं.

“मी जाऊन आणतो तो,” तो शेवटी म्हणाला. “पाटणकरला सांगतो सगळं.”

“काय सांगताल? नगा. दिलेलं मागायचं नसतं.”

“अप्पा, मी लई चुकलो.”

“डावाचं म्हनता का?” चन्नबसप्पांनी पहिल्यांदाच त्याच्याकडे सरळ बघितलं. “डावाचं काय न्हाय, कंट्रोलर. हारलो तर हारलो. तुमी यायचं बंद केलंत.” ते दम घ्यायला थांबले. “दुपारी दोन चहा सांगून ठेवलेले असायचे. हॉटेलवाल्याला बंद कर म्हनायला जीभ रेटंना. लई दिवस दोनच यायचे.”

“मग?”

“मंग काय. दोन्ही मीच प्यायचो. शुगर वाढली. डाक्टर वरडला.”

ते पुन्हा हसले. शिवशरणनं खाली बघितलं. ताटलीतल्या चकलीचा एक तुकडा उचलून त्यानं तो नुसताच हातात धरला.

थोड्या वेळानं चन्नबसप्पांनी आत बघून कन्नडमध्ये काहीतरी म्हटलं. सिद्धम्मा स्टुलावर चढून कपाटावरचा जुना पट आणि डबा घेऊन आली. पटाच्या घडीत धूळ बसली होती, ती तिनं पदरानं झटकली. “कुनी बसतच न्हाय त्यांच्यासंगं,” ती म्हणाली. “आमच्यात येतंय कुनाला.”

खाटेवरच पट मांडला. चन्नबसप्पांना पांढरी. डाव्या हातानं मोहरं उचलताना शेजारचं पडायचं. शिवशरण ते उभं करायचा. पहिल्या काही चाली भराभर झाल्या, हाताला सवय असल्यासारख्या. मग अप्पांनी एकदा घोड्यावर हात नेला आणि वर बघितलं. शिवशरणला वाटलं, आता विचारतील, मशीन काय म्हनंल. पण त्यांनी काहीच विचारलं नाही. घोडा उचलला आणि नेला, भलत्याच ठिकाणी. शिवशरणला त्या चालीचा अर्थ लागेना. तो खरोखरच विचारात पडला. कितीतरी दिवसांनी असा विचार करत होता, आकड्याशिवाय, आणि पुढचं फार लांबचं काही दिसत नव्हतं. त्यानं उंट सरकवला.

चन्नबसप्पा पटावर वाकले. डावा हात हनुवटीला. बराच वेळ गेला. शिवशरण वाट बघत होता. मग त्याच्या लक्षात आलं की त्यांचा श्वास एकसारखा लागलाय आणि हनुवटी हळूहळू छातीकडे येतेय.

सिद्धम्मा दारात आली. “औषधानं झोप लागती त्यांना,” ती हळू आवाजात म्हणाली. “तुमची गाडी असंल. उठवू का?”

“नका उठवू,” शिवशरण म्हणाला. “त्यांची चाल हाय.”

त्यानं खाटेवरची उशी उचलून अप्पांच्या पाठीमागं नीट लावली, पट हलणार नाही अशी, आणि समोर बसून राहिला.